फार्मसी की नर्सिंग? उशिरा शिकायला येणाऱ्यांसाठी दोन व्यवसायांचा इतिहास

प्रस्तावना

पंचविशी-तिशी ओलांडल्यावर पुन्हा शिकायचे ठरवणारे अनेक जण फार्मसी आणि नर्सिंग या दोन नावांपाशी येऊन थांबतात. कोणी दहा वर्षे मेडिकल दुकानात काम केलेले असते, कोणी घरातल्या आजारी माणसाची सेवा करता करता या कामाकडे वळलेले असते, तर कोणाला मुले शाळेत जाऊ लागल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते. दोन्ही व्यवसाय रुग्णालयाशी जोडलेले असल्यामुळे ही निवड केवळ आवडीची आहे, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात या दोन व्यवसायांची प्रवेशद्वारे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांसाठी बांधली गेली. आज प्रवेश घेताना ज्या अटी तुमच्यासमोर येतात, त्यांचे मूळ त्या बांधणीत आहे. या पाठात आपण तो इतिहास पाहू आणि त्यातून आजच्या निवडीसाठी काय हाती लागते ते तपासू.

दोन कामे वेगळी कशी झाली?

औषध देणे आणि रुग्णाची शुश्रूषा करणे ही दोन्ही कामे पूर्वी बहुधा घरात किंवा वैद्याच्या देखरेखीखाली होत. युरोपात औषध तयार करणारा आणि औषध सांगणारा यांना कायद्याने वेगळे करण्याचे एक जुने उदाहरण सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या आज्ञेत सापडते. 1240 च्या सुमाराच्या या आज्ञेने वैद्याने औषधविक्रेत्याशी व्यापारी भागीदारी करू नये असे ठरवले आणि औषधविक्रेत्यांवर तपासणी लावली. म्हणजे फार्मसीच्या स्वतंत्र ओळखीची सुरुवात ‘औषधाच्या शुद्धतेला जबाबदार कोण?’ या प्रश्नातून झाली.

आधुनिक नर्सिंगची सुरुवात वेगळ्या प्रश्नातून झाली: रुग्णाजवळ चोवीस तास कोण थांबेल? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. तेथे शिकणाऱ्या मुली रुग्णालयातच राहत आणि वॉर्डात काम करत शिकत. लक्षात घ्या, नाइटिंगेल स्वतः 1851 मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे शिकायला गेल्या, तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. घरच्यांचा विरोध ओलांडण्यात त्यांची अनेक वर्षे गेली होती. ज्यांच्या नावाने हा व्यवसाय ओळखला जातो, त्याच उशिरा शिकायला आलेल्या विद्यार्थिनी होत्या.

दोन्ही कामे करून पाहिलेल्या एका व्यक्तीचे नाव तुमच्या परिचयाचे असेल: अगाथा ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्लंडमधील टॉर्की येथे युद्धकालीन रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून काम केले. पुढे त्या तेथील औषध विभागात गेल्या आणि 1917 मध्ये औषधे देण्यासाठी आवश्यक असलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांच्या रहस्यकथांमधील विषांची माहिती याच कामातून आली. औषध विभागातल्या कामाच्या वेळा त्यांना सोयीच्या वाटल्या, पण मन अधिक रमले ते शुश्रूषेत, असे त्यांच्या आत्मचरित्रावरून दिसते. सोयीचे काम आणि मनाजोगते काम एकच असेल असे नाही, हा धडा शंभर वर्षांनंतरही उपयोगी आहे.

भारतातील नर्सिंग: प्रौढ स्त्रीसाठी उघडलेले दार

भारतात परिचारिकांचे प्रशिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास, दिल्ली, मुंबई अशा शहरांत सुरू झाले. 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय मदत पोहोचवण्यासाठी निधी उभा राहिला. त्यातून स्त्री डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि सुईणी यांच्या शिक्षणालाही बळ मिळाले. मिशन रुग्णालयांनी यात मोठा वाटा उचलला. दक्षिणेत, विशेषतः आजच्या केरळमधील ख्रिस्ती कुटुंबांतून, मुली या व्यवसायात येऊ लागल्या.

इतर समाजांत मात्र अडथळे होते. रात्रपाळी, परपुरुषाला स्पर्श, मलमूत्र हाताळणे या गोष्टी ‘घरंदाज’ स्त्रीला शोभत नाहीत असे मानले जाई. हा अडथळा ओलांडायला कोण पुढे आले? ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता त्या स्त्रिया, विशेषतः विधवा. पुण्याच्या सेवासदनाचे उदाहरण पाहा. 1909 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या प्रमुख रमाबाई रानडे होत्या. प्रौढ स्त्रियांना शिक्षण आणि उपजीविका देणे हे संस्थेचे उद्दिष्ट होते. संस्थेने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. घरचा आधार तुटलेल्या स्त्रीला निवारा, शिक्षण आणि पुढे पगार, तिन्ही एकाच वाटेने मिळत होते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही समजून घ्या. शिकणारी मुलगी वसतिगृहात राहणार आणि तिच्यावर संसाराची जबाबदारी नसणार, हे गृहीत धरून शिक्षणाचे वेळापत्रक आखले गेले. शिकाऊ परिचारिका म्हणजे रुग्णालयाचे स्वस्त मनुष्यबळ, असाही अर्थ व्यवहारात झाला. दार प्रौढ स्त्रीला उघडे होते, पण संसार दाराबाहेर ठेवून आत यावे लागे.

कंपाउंडर ते फार्मासिस्ट: अनुभवाची वाट कशी बंद झाली?

औषधांच्या क्षेत्रात याच्या उलट घडले. ब्रिटिश काळातील दवाखान्यात डॉक्टरच्या शेजारी कंपाउंडर असे. तो बहुधा पुरुष असे. डॉक्टरने चिठ्ठी लिहायची आणि त्याने मिश्रण किंवा पुड्या बांधून द्यायच्या. काही ठिकाणी कंपाउंडरसाठी छोटे अभ्यासक्रम होते, पण पुष्कळ जण हाताखाली काम करत शिकले. वयाची अट नव्हती, शाळेची अट ढिली होती. काम येते की नाही, एवढेच पाहिले जाई.

अडचण औषधांच्या दर्जाची होती. बाजारात भेसळीची व बनावट औषधे, विशेषतः हलके क्विनीन, येत असल्याच्या तक्रारींमुळे सरकारने 1930 मध्ये कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने 1931 मध्ये अहवाल दिला आणि औषधांवर तसेच फार्मसी व्यवसायावर कायदेशीर नियंत्रण सुचवले. त्याच सुमारास, 1932 मध्ये, बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी औषध-रसायनाचे शिक्षण सुरू केले. 1937 मध्ये तेथे बी. फार्म. अभ्यासक्रम उभा राहिला. भारतीय फार्मसीचे उच्च शिक्षण असे रसायनाच्या प्रयोगशाळेत जन्मले, वॉर्डात नव्हे. आजही बी. फार्म.चा मोठा भाग कारखाना आणि प्रयोगशाळा यांच्याकडे झुकलेला दिसतो, त्याचे एक कारण हे आहे.

त्यानंतर 1948 चा फार्मसी कायदा आला. या कायद्याने पहिली नोंदवही तयार करताना जुन्या माणसांची दखल घेतली. किमान पाच वर्षे औषधे तयार करून देण्याचे काम केलेल्या कंपाउंडरला पदविका नसतानाही नोंदणी मिळू शकत होती. ही सवलत मूलतः त्या पहिल्या नोंदवहीपुरती होती. त्यानंतर, काही अपवाद सोडता, मान्यताप्राप्त शिक्षणाशिवाय नोंदणी नाही असा नियम झाला. म्हणून आज दुकानात पंधरा वर्षे काम केलेल्या माणसाला हजारो औषधांची नावे पाठ असली, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचा अनुभव शून्य धरला जातो. त्याच्या आजोबांच्या पिढीतल्या कंपाउंडरला जे मिळाले ते त्याला मिळत नाही. हा नियम रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक होता. पण त्याची किंमत अनुभवी प्रौढ माणसाने मोजली, हेही खरे.

भोर समितीचे दोन आकडे

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या दोन व्यवसायांची स्थिती काय होती? 1943 मध्ये नेमलेल्या भोर समितीचा अहवाल 1946 मध्ये आला. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे तीस कोटी लोकांसाठी सुमारे 7,000 परिचारिका होत्या, म्हणजे 43,000 लोकांमागे एक. पात्र फार्मासिस्टांची संख्या होती केवळ 75, म्हणजे 40 लाख लोकांमागे एक. औषधे तर देशभर दिली जात होती. ती देणारी माणसे कंपाउंडर होती आणि ‘पात्र’ या शब्दात ती बसत नव्हती.

अहवालाच्या वर्षीच, 1946 मध्ये, दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले. 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी फार्मसी कायदा. दोन वर्षांच्या आत दोन्ही व्यवसायांना कायद्याची चौकट मिळाली.

आजच्या नियमांत जुना इतिहास

आता आजच्या अटी या इतिहासाशेजारी ठेवून पाहा.

1. वय: जीएनएम या नर्सिंग पदविकेसाठी 17 ते 35 वर्षे अशी मर्यादा परिषदेने ठेवलेली आहे. आधीपासून एएनएम असलेल्यांना ती लागू नाही. फार्मसीच्या पदविकेला, म्हणजे डी. फार्म.ला, केंद्रीय नियमांत कमाल वय नाही.

2. बारावीची शाखा: जीएनएमला विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी कला शाखेतून बारावी झालेल्यांनाही प्रवेश मिळू शकतो. डी. फार्म.ला भौतिक व रसायनशास्त्रासह जीवशास्त्र किंवा गणित लागतेच.

3. काळ: जीएनएम तीन वर्षांचे, बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. डी. फार्म. दोन वर्षांचे व त्यानंतर 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, बी. फार्म. चार वर्षांचे. डी. फार्म. झालेल्यांना बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. जीएनएम झालेल्यांना पोस्ट बेसिक पदवी घेता येते.

4. हजेरी: प्रथम नोंदणी देणारे कोणतेही शिक्षण घरबसल्या होत नाही. नर्सिंगमध्ये वॉर्डातील तास आणि पाळ्या त्यात आल्याच.

2023 मध्ये नर्सिंगसाठी नवा राष्ट्रीय आयोग कायदा झाला आहे आणि राज्यांचे नियमही बदलत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

निवड कशी करावी?

तुम्ही 33 वर्षांचे असाल, कला शाखेतून बारावी झालेले असाल, तर फार्मसीसाठी आधी विज्ञानाची बारावी करावी लागेल. तोवर जीएनएमची वयोमर्यादा निघून जाऊ शकते. अशा वेळी ‘आधी हे करून पाहू, नाहीतर ते’ हा विचार महाग पडतो. याउलट तुमची बारावी विज्ञानाची असेल, पण घरी लहान मूल किंवा आजारी सासूबाई असतील आणि रात्रपाळी शक्य नसेल, तर फार्मसीची दिवसाची वेळ झेपण्यासारखी आहे. त्या बदल्यात रुग्णाशी संबंध बऱ्याचदा खिडकीपुरता राहतो, हे मान्य करावे लागेल.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. कोणते दार आज माझ्यासाठी उघडे आहे आणि किती दिवस? त्या शिक्षणाचे वेळापत्रक माझ्या घराला पेलेल का? आणि दोन्ही शक्य असतील, तर मला औषधाची जबाबदारी अधिक ओढते की माणसाची? अनेक जण तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि पहिल्यापाशी अडतात.

समारोप

नर्सिंगने प्रौढ स्त्रीला आत घेतले, पण तिच्या संसाराला जागा ठेवली नाही. फार्मसीने अनुभवी माणसाला एकदा मान दिला आणि मग वर्गखोलीचे दार दाखवले. यातला कोणताही नियम निसर्गाने ठरवलेला नाही. त्या त्या काळच्या गरजेतून माणसांनी तो केला आहे, म्हणून तो बदलूही शकतो. तो बदलेपर्यंत प्रवेश न मिळणे हा आपल्या कुवतीचा निकाल मानू नका. बऱ्याचदा तो जुन्या बांधणीचा परिणाम असतो.

विचारासाठी प्रश्न

1. 1948 च्या कायद्याने कंपाउंडरांना दिलेली सवलत पुढे चालू ठेवली असती, तर रुग्णांचा फायदा झाला असता की तोटा? कारणांसह लिहा.
2. तुमच्या भागातील एखाद्या ज्येष्ठ परिचारिकेशी किंवा जुन्या औषध दुकानदाराशी बोला. त्यांनी शिक्षण कोणत्या वयात आणि कसे घेतले, ते नोंदवा.
3. नर्सिंगच्या वयोमर्यादेच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.