जिमनीत मागे सामानाचा प्लॅटफॉर्म : आधी वजनाचा हिशेब, मग सुताराला फोन

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात किंवा चंदगडमार्गे आंबोलीला जाणाऱ्या छोट्या फोर-बाय-फोर गाड्या आता बऱ्याच दिसतात. पूर्वी जिप्सी असायची, आता जिमनी. पाच दरवाजांची जिमनी जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली. गाडी चढते कुठेही, पण सामानाची जागा बेताची. मागची सीट उभी असताना २०८ लिटर, पाडल्यावर ३३२ लिटर. त्यातून सीट पाडली तरी फ्लोअर एका पातळीत येत नाही. म्हणून अनेकजण मागे सपाट प्लॅटफॉर्म करून घेतात : वर सामान किंवा अंथरूण, खाली हत्यारं आणि पाण्याचे कॅन. तो करून घेताना काय बघायचं, त्याची ही माहिती.

वजनाचा जमाखर्च

लोक पहिल्यांदा विचारतात, "खर्च किती येईल?" खरं तर पहिला प्रश्न वजनाचा हवा. जिमनीचं माणसं-सामानासकट कमाल वजन १५४५ किलो आणि रिकाम्या गाडीचं सुमारे १२०० किलो. म्हणजे माणसं, सामान आणि प्लॅटफॉर्म मिळून हातात साधारण ३४० किलोच राहतात. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

दोन माणसांचे १४० वजा केले, की २०० उरले. सुताराने सगळं १८ मिमी प्लायमध्ये ड्रॉवरसकट केलं, तर ५० किलो तिथेच जातात. चार माणसं बसवायची असतील तर २८० माणसांचेच झाले. उरलेल्या ६० मध्ये असला प्लॅटफॉर्म घातला, तर बॅगांना १० किलो राहतात. त्यामुळे चौघांचा प्रवास नेहमीचा असेल, तर फक्त डिकीपुरती हलकी फळी करा. पूर्ण लांबीचा प्लॅटफॉर्म दोघांच्या प्रवासासाठीच बरा.

कशाचा करायचा?

एक चौरस मीटर १८ मिमी प्लाय सुमारे १२ किलो भरतो, १२ मिमी साधारण ८ किलो. २५ बाय २५ मिमीची, १.६ मिमी जाडीची लोखंडी चौकोनी नळी मीटरला सव्वा किलोच्या आत येते. तीच ॲल्युमिनियमची २ मिमी जाडीची घेतली, तर अर्धा किलो. म्हणजे ॲल्युमिनियमची फ्रेम आणि वर १२ मिमी प्लाय घेतला, तर १५ ते २० किलोत काम बसतं. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही. नट-बोल्टने जोडलेली फ्रेमही चालते आणि खोलायला सोपी पडते.

आपल्याकडचा पाऊस बघता प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन घ्यावा. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं वॉर्निशने बंद करायलाच हवीत. पाणी तिथूनच शिरतं.

माप आणि बांधणी

- टेपवर विसंबू नका. चाकांच्या कमानींमुळे आतली रुंदी सगळीकडे सारखी नाही. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून आत बसवून बघा.
- दार बंद करून माप घ्या. फळी दाराला टेकली की खडखडाट सुरू होतो.
- पुढचा भाग बिजागरीचा ठेवा, म्हणजे हवी तेव्हा सीट उभी करता येते.
- जॅक आणि टूल किट फळीखाली अडकणार नाहीत, हे आधीच बघा.
- ड्रॉवरच्या चॅनेलला लॉक हवंच. नाहीतर घाटाच्या चढावर ड्रॉवर आपोआप मागे सरकतो.
- जड सामान खाली आणि सीटच्या पाठीलगत ठेवा. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे भार गेला की पुढची चाकं हलकी पडतात, चढावर स्टिअरिंग सैल वाटतं.

बांधलं नाही तर

ताशी ५० किमी वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. ३० किलोची पेटी ६०० किलोच्या जोराने पुढच्या सीटवर येणार. म्हणून फ्रेम गाडीच्या मूळ बोल्टांना किंवा हुकांना पक्की करा आणि सामान रॅचेट पट्ट्याने बांधा. फ्लोअरला मनाने ड्रिल मारू नका : खाली इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग असतं, शिवाय भोकातून गंज धरतो.

आरटीओचं काय?

गाडी केए, एमएच की जीए, कायदा एकच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाही. कलम १८२अ(४) प्रमाणे विनापरवाना बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर चार सीट असतील तर चार सीट गाडीत हव्यात. त्यामुळे सीट काढून जागा करू नका. सीट जागेवर ठेवून वर बसणारा, पान्याने अर्ध्या तासात निघणारा प्लॅटफॉर्म करा.

काम झालं की नेहमीचं सामान आणि माणसं घेऊन एकदा वजनकाट्यावर जा. आकडा १५४५ च्या आत आला, तरच घाट उतरायचा.