खुनाचं व्हाउचर

खर्ची पडलेल्या प्रत्येक पैशाला व्हाउचर हवं, ही आम्हा बँकवाल्यांची श्रद्धा. खुनाला मात्र ते मागू नये!

१९७८ साली जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन' हा अमेरिकन सिनेमा आला. त्यात मायकेल मायर्स हा सहा वर्षांचा पोरगा सख्ख्या बहिणीला सुरीनं भोसकतो. का? पत्ता नाही. लगेच कथा पंधरा वर्षं पुढे! मायकेल वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि मुखवटा चढवून, चकार शब्द न बोलता, पोरीबाळींच्या मागे लागतो.

तेव्हा घरोघरी व्हिडिओ पोचायचे होते. सिनेमा थिएटरातून गेला की गेला. मग तो पुन्हा भेटायचा कुठे? तर खिशात मावणाऱ्या स्वस्त कादंबरीत! 'हॅलोवीन'ची अशी कादंबरी १९७९ साली निघाली. लेखक कर्टिस रिचर्ड्स, म्हणजे मूळचे रिचर्ड कर्टिस. असं नाव उलटं करून बँकेत खातं उघडून दाखवा म्हणावं!

या गृहस्थांनी सगळी व्हाउचरं जोडली. सुरुवातच प्राचीन आयर्लंडात. एंडा नावाचा विद्रूप मुलगा राजकन्येला मारतो आणि शापित होतो. पुढे मायकेलच्या कानात आवाज काय, स्वप्नं काय! सिनेमानं गाळलेली इस्पितळातली वर्षंही इथे जमेस धरली आहेत. हिशेब चोख.

घोटाळा होतो तो इथेच. कारण कळलं की कीव येते, भीती पळते. बँकेतही जुळलेल्या हिशेबाला कोण घाबरतो? झोप उडवतो तो न जुळणारा एक रुपया. पडद्यावरचा मायकेल हा तो रुपया आहे.