दादांची बॅटरी आणि रात्रीची पाळी

परवा रात्री दोन वाजता लाईट येणार होती. मोटार चालू करायला निघालो, तर दारात दोन बॅटऱ्या. एक दादांची, पितळी, दोन सेलची. दुसरी मी बाजारातून दीडशे रुपयांत आणलेली चार्जिंगची एलईडी. बायको म्हणाली, "ती जुनी आता मोडीत घाला." म्हटलं, आधी बघू तरी. दोन्ही घेऊन बांधावर गेलो.

एलईडीने पायाखालचं सगळं पांढरंफेक केलं, पण उजेड विहिरीपर्यंत काही पोचेना. दादांची पिवळी बॅटरी मात्र विहिरीच्या कठड्यावर अंधुक का होईना, गोल उमटवत होती. मग जास्त उजेड कुणाचा? या एका प्रश्नापायी दोन दिवस वाचत बसलो. सापडलं ते तुम्हालाही सांगतो.

हातातल्या बॅटरीचं पेटंट १८९९ सालचं, अमेरिकेतल्या डेव्हिड मिझेल याचं. एका नळीत एकामागे एक सेल आणि पुढे दिवा. तेव्हाचे सेल कमजोर, दिव्यातली तार कार्बनची. क्षणभर लावायची, परत बंद करायची. म्हणून इंग्रजीत नावच पडलं 'फ्लॅशलाइट'. पुढे टंगस्टनची तार आली आणि उजेड टिकायला लागला.

आपल्याकडे एव्हरेडीचे सेल १९०५ पासून विकले जाऊ लागले. १९५८ मध्ये लखनौला टॉर्चचा कारखाना निघाला. अलाहाबादची जीपही खेड्यापाड्यांत पोचली. दादांची बॅटरी एव्हरेडीची. तेव्हा ही कंपनी युनियन कार्बाइडची होती. हो, तीच, जिच्या भोपाळच्या कारखान्यातून १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायू सुटला. सेल उतरले की दादा ते उन्हात ठेवायचे, आणि संपलेल्या सेलमधली काळी कांडी आम्हा पोरांना पाटीवर रेघा मारायला मिळायची.

पण या दिव्याचं दुखणं जुनंच. तार तापवून उजेड काढायचा, म्हणजे बहुतेक वीज उष्णतेत जाणार. एलईडी तापलेल्या तारेवर चालत नाही. लाल एलईडी १९६२ मध्येच आली होती, पण पांढऱ्या उजेडासाठी निळी लागत होती. तेजस्वी निळी एलईडी जपानच्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये आणली. तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की उजेड पांढरा दिसतो. या निळ्या उजेडासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. एक वॅट विजेत जुना छोटा दिवा साधारण दहा ल्युमेन देतो, चांगली एलईडी शंभराच्या आसपास.

मग माझी एलईडी विहिरीपर्यंत का पोचली नाही? कारण ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो एका दिशेला किती जोराने जातो, ते मोजतात कॅन्डेलात. तेवढंच पाणी तुषारने सोडलं तर जवळचं सगळं भिजतं, पाइपाच्या तोंडाला बोट लावलं की धार लांब जाते. तसंच हे. दादांच्या बॅटरीला खोल आरसा आहे, माझ्या एलईडीला नाही.

अमेरिकेत २००९ मध्ये याचं एक मानक ठरलं. उजेड पाव लक्सवर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथे बॅटरीचा पल्ला संपला. अंतर दुप्पट हवं तर जोर चौपट लागतो. १०० मीटरला २,५०० कॅन्डेला, तर २०० मीटरला १०,०००. तेव्हा खोक्यावर नुसतं ल्युमेन मोठ्या अक्षरात दिसलं म्हणून भुलू नका. पल्ला किती मीटर आणि किती तास चालते, ते विचारा.

माझा निर्णय म्हणाल, तर एलईडी घ्याच. पायापुरती पसरट एक आणि लांब झोताची एक. जुनी बॅटरी पिवळी पडत पडत इशारा द्यायची. चार्जिंगच्या बऱ्याच बॅटऱ्या एकदम विझतात. म्हणून खिशात दुसरी असू द्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आमच्या फीडरवर थ्री फेज अजून पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच घोणस आणि मण्यार बांधावर असतात. २००० ते २०१९ या वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. काही फीडरवर दिवसाची लाईट सुरूही झाली. आमची पाळी मात्र अजून रात्री दोनचीच.

दादांपासून माझ्यापर्यंत बॅटरीचा उजेड दहापट झाला. बांधावर जायची वेळ तेवढी बदलली नाही. बॅटरी मी बदलेन, ती माझ्या खिशातली गोष्ट आहे. वेळ बदलायला सगळ्यांनी मिळून बोलावं लागेल.

तुमच्या गावात शेतीची लाईट किती वाजता येते? गावाचं नाव आणि वेळ खाली लिहा. यादी करून पुढच्या ग्रामसभेत ठेवतो.