कोबॉलमधील तारीख-रूपांतराच्या चुका

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या मेनफ्रेमवर अजूनही चालणाऱ्या कोबॉल प्रोग्रॅममध्ये तारीख एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत नेताना होणारे दोष, आणि ते शोधण्याच्या रीती. १९६० मध्ये ज्या भाषेचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, तिच्यात तारीख नावाचा डेटाप्रकारच नव्हता. प्रोग्रॅमला दिसतात ते नुसते सहा किंवा आठ अंक. त्यामुळे ३१ फेब्रुवारी ही कोबॉलच्या लेखी बिनतक्रार चालणारी संख्या आहे, आणि ‘न्यूमेरिक’ चाचणीही तिला अडवत नाही.

सर्वांत साधा दोष ‘मूव्ह’ या आज्ञेतून येतो. अंकीय फील्ड उजवीकडून जुळवले जाते, अक्षरी फील्ड डावीकडून. आठ अंकी २०२४०३१५ सहा अंकी फील्डमध्ये हलवले की २४०३१५ उरते. तेच फील्ड अक्षरी घोषित केलेले असेल तर २०२४०३ उरते, आणि पुढचा प्रोग्रॅम त्यातून २०२० सालचा चोविसावा महिना वाचतो. उलट दिशेने, सहा अंक आठात हलवले की इसवी सन २४ उगवते. म्हणून तपासाची सुरुवात प्रोग्रॅमच्या तर्कापासून न करता कॉपीबुकमधील (सामायिक फील्ड-व्याख्यांच्या फाइलमधील) दोन्ही फील्डच्या ‘पिक्चर’ ओळी, म्हणजे लांबी-प्रकाराच्या घोषणा, शेजारी ठेवून करावी.

जुन्या प्रोग्रॅममध्ये हमखास भेटणारी एक करामत म्हणजे १००००.०००१ ने गुणाकार. अमेरिकी मांडणीतील (महिना-दिवस-वर्ष) ०३१५२०२४ ला या संख्येने गुणले की ३१५२०२४०३१५.२०२४ येते. उत्तर आठ अंकी पूर्णांक फील्डमध्ये ठेवले की डावीकडचे तीन अंक आणि दशांश भाग गळून २०२४०३१५ हाती लागते. एका ओळीत काम होते, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या नकलली गेली. पण भारतीय पद्धतीची, दिवस आधी असलेली तारीख तिच्यात घातली तर महिना आणि दिवस यांची अदलाबदल होते : ५ मार्च २०२४ चे २०२४०५०३, म्हणजे ३ मे. हे उत्तर सर्व तपासण्यांतून सुखरूप पार पडते. दोष उघड होतो तो महिन्याच्या १३ तारखेला, तेरावा महिना वगैरे दिसू लागल्यावर. दुसरा धोका काळजीपोटी केलेल्या दुरुस्तीतून येतो. ही करामत अंक गळण्यावरच उभी आहे, आणि कोणी ‘ऑन साइज एरर’ जोडले की गळती होऊ घातल्यावर उत्तर साठवलेच जात नाही. फील्डमध्ये आधीच्या रेकॉर्डची तारीख तशीच राहते.

१९८९ च्या पुरवणीने भाषेला अंगभूत फंक्शने मिळाली. ‘इंटिजर ऑफ डेट’ तारखेचे दिवसक्रमांकात रूपांतर करते. त्यात १ जानेवारी १६०१ म्हणजे दिवस १. तो सोमवार होता, त्यामुळे सातने भागून वार काढणे सोपे. आयबीएमच्या सीईईडेज या सेवेत मात्र दिवस १ म्हणजे १५ ऑक्टोबर १५८२. दोन्ही मोजणींत ६,६५३ दिवसांचे अंतर आहे. एका पद्धतीने काढलेला क्रमांक दुसऱ्या पद्धतीने वाचला तर १५ मार्च २०२४ ची २ जून २०४२ होते. तारखा सरसकट सुमारे सव्वाअठरा वर्षांनी पुढे किंवा मागे सरकलेल्या दिसल्या तर दुसरे काही शोधू नये. कंपायलरचा ‘इंटडेट’ पर्याय पाहावा.

दोन अंकी वर्षांची डागडुजी १९९० च्या दशकाअखेर झाली. मुंबई-पुण्यातील कंपन्यांनीही परदेशी ग्राहकांसाठी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. पुष्कळ ठिकाणी फील्ड वाढवण्याऐवजी ‘खिडकी’ लावली गेली : समजा ०० ते ४९ म्हणजे २०००, ५० ते ९९ म्हणजे १९००. कर्जाच्या तारखेला ही युक्ती चालते, जन्मतारखेला नाही. १९४५ साली जन्मलेला निवृत्तिवेतनधारक तिच्यात २०४५ मध्ये जन्म घेतो.

एस०सी७ ॲबेंड (जॉब मध्येच बंद पडणे), बोलीत ‘सॉक-सेव्हन’, हा त्या मानाने प्रामाणिक दोष आहे. तारखेच्या जागी स्पेस आल्या की पॅक्ड फील्डमध्ये ४० ४० ४० ४० असे हेक्स दिसते. शेवटचे अर्धे बाइट चिन्हासाठी असते. तिथे सी, डी किंवा एफ हवे तेथे शून्य मिळाल्याने यंत्र गणित नाकारते. जॉब रात्री दोनला पडतो, लोकांची झोप जाते, पण चुकीचा आकडा पुढे जात नाही. डंपमधील (त्या क्षणीच्या मेमरीच्या नोंदीतील) ऑफसेटवरून ओळ सापडते. खरे काम असते ती रिकामी तारीख कोणत्या फाइलमधून आली हे मागे मागे जात शोधण्याचे. गणिताआधी ‘इफ न्यूमेरिक’ लावल्यास जॉब वाचतो, पण नाकारलेले रेकॉर्ड वेगळ्या फाइलमध्ये लिहिले नाही तर तेही गप्प दोषांत जमा होते.

‘अंतिम तारीख नाही’ हे सांगण्यासाठी वापरलेले ९९९९९९९९ फाइलमध्ये निर्धास्त राहते. डीबी२ या डेटाबेसच्या तारीख-स्तंभात नेताना मात्र उणे १८१ हा एसक्यूएल कोड देऊन अडते. त्याऐवजी ३१ डिसेंबर ९९९९ घालण्याची प्रथा आहे. अशा तारखेत कोणी ‘अधिक एक दिवस’ केले की उणे १८३ येतो, कारण डीबी२ चे कॅलेंडर तिथेच संपते.