म्हातारी माणसे गेली की जात जाईल?

गेल्या काही वर्षांत एक वाक्य आम्हाला वारंवार ऐकावे लागते. १४ एप्रिलच्या व्याख्यानानंतर चहा पिताना, सरकारी कचेरीत, लग्नाच्या मांडवात कुणीतरी सुशिक्षित सद्गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणतात, "अहो, आता कोण जात पाळतं? जुनी खोडं आहेत थोडी. ती गेली की संपलं. नव्या पिढीला याचं काही नाही."

असे म्हणणारा माणूस वाईट असतोच असे नाही. अनेकदा तो मनापासून बोलत असतो. पण या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, विचार माणसाबरोबर जन्मतात आणि माणसाबरोबरच सरणावर जातात. दुसरी, त्यामुळे आपण काही करायची गरज नाही, स्मशान आपले काम करीलच. या दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून आहेत का, हे तपासले पाहिजे.

समाजशास्त्रात लोकांची मते का बदलतात याची तीन कारणे वेगळी केली जातात. एक, वयाचा परिणाम : माणूस तरुणपणी एक बोलतो, संसारात पडल्यावर दुसरे. दोन, पिढीचा परिणाम : ऐन तारुण्यात जे पाहिले-भोगले त्याचा ठसा जन्मभर राहतो. तीन, काळाचा परिणाम : एखादी घटना किंवा चळवळ अशी येते की लहान-थोर सगळेच एकदम बदलतात. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच सांगून ठेवले आहे की एकाच साली जन्मलेले सगळे आपोआप एक पिढी होत नाहीत. एका ऐतिहासिक अनुभवातून एकत्र गेलेल्यांची पिढी बनते. "जुने गेले की संपले" म्हणणारा फक्त दुसरे कारण धरतो, तेही अर्धवट.

आता आपलाच इतिहास पाहू.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेने तोच ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाईपर्यंत त्या पाण्याला आपल्या माणसांचा हात लागला नव्हता. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली आपल्या बाजूने लागला. या चौदा वर्षांत महाडच्या सवर्णांची एक पिढी मरून दुसरी आली आणि तिने तळे खुले केले, असे घडले नाही. माणसे पाण्यात उतरली, डोकी फुटली, कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या, तेव्हा ते झाले.

त्याच महाडला डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. जातीची खूण सांगणारे लुगड्याचे नेसण आणि अंगावरचे ते दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. जन्मभर एका पद्धतीने लुगडे नेसलेल्या बायांनी ते नेसण लगेच बदलले. त्यांत प्रौढ होत्या, म्हाताऱ्या होत्या. मुलींच्या मोठ्या होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

सर्वांत मोठा पुरावा जनगणनेत आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. मधे १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस आहे. दहा वर्षांत पिढी बदलत नाही. हे २७ लाख लोक नव्याने जन्मलेले नव्हते. ज्या हातांनी म्हसोबाला शेंदूर लावला होता, त्याच हातांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. ज्या माणसांनी येसकरकी केली, मेलेली ढोरे ओढली, त्यांनीच ती कामे नाकारली आणि त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. आमचे आजोबा-आजी त्यांतलेच. 'जुनी माणसे बदलत नाहीत' असे ज्यांना वाटते, त्यांनी या म्हाताऱ्यांकडे पाहावे. समाजशास्त्राच्या भाषेत हा काळाचा परिणाम आहे. आमच्या भाषेत ही धम्मक्रांती आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. नवी पिढी आपोआप पुरोगामी होते का?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून पळाली. या विरोधाच्या आघाडीवर महाविद्यालयीन विद्यार्थीही होते. त्यांची वये मोजून पाहा. १९७८ साली वीस वर्षांचा असलेला विद्यार्थी १९५८ च्या सुमारास जन्मला, म्हणजे ते विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे १७ वे कलम त्याच्या जन्माआधीचे. अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदाही त्याच्या जन्माआधीचा. पेशवाई त्याने पाहिली नव्हती. तो स्वतंत्र भारताच्या शाळेत शिकलेला, नागरिकशास्त्राचा पेपर देऊन पास झालेला 'नव्या पिढीचा' मुलगा होता. तरीही पदवीवरचे एक नाव त्याला सहन झाले नाही. त्याच्या आजोबांना अस्पृश्याची सावली खुपत होती. नातवाला शेजारच्या बाकावर बसलेला, शिष्यवृत्तीवर शिकणारा, उद्या नोकरीत स्पर्धा करणारा मुलगा खुपला. तिरस्कार संपला नव्हता, त्याने नवे कारण शोधले होते.

त्याच वयाचे दुसरे तरुणही तेव्हा होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पँथर होते, लाँग मार्चला पायी निघालेले होते आणि नामांतराच्या बाजूने उभे राहिलेले युक्रांदसारख्या संघटनांतले सवर्ण घरांतले तरुणही होते. वय एकच, काळ एकच, बाजू मात्र वेगळ्या. मानहाइम सांगतो ते हेच. तरुण कोणत्या बाजूला जाईल हे त्याच्या जन्मतारखेवर ठरत नाही. त्याला कोणती संघटना भेटली, त्याने काय वाचले, त्याच्या घरात काय बोलले गेले, यावर ते ठरते.

शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षे आणि अनेक बळी. आज त्या नावाची पदवी सर्व जातींचे विद्यार्थी घेतात आणि भिंतीवर लावतात. आधी लढा झाला, मग निर्णय झाला, आणि त्यानंतर सवय झाली. सवय आधी होईल आणि मग निर्णय होईल, असा क्रम आम्हाला आपल्या इतिहासात कुठे सापडत नाही.

परदेशातही क्रम हाच दिसतो. अमेरिकेत गॅलप ही संस्था कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या विवाहाला तुमची मान्यता आहे का, हे अनेक दशके विचारत आली आहे. १९५८ साली मान्यता देणारे फक्त ४ टक्के होते. १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांवरील बंदी रद्द केली. त्यानंतरच्या वर्षी, १९६८ मध्ये, मान्यता २० टक्के होती. म्हणजे न्यायालय जनमतासाठी थांबले असते तर आणखी काही दशके थांबावे लागले असते. १९९१ मध्ये हा आकडा ४८ टक्के होता आणि २०२१ मध्ये ९४. पिढ्या बदलल्या हे खरे, पण त्या नागरी हक्कांच्या लढ्याने बदललेल्या कायद्याखाली वाढल्या. शिवाय बोलणे आणि वागणे यांत तिथेही अंतर आहे. २०१५ मध्ये नव्याने लग्न झालेल्यांपैकी वेगळ्या वंशाचा किंवा वांशिक गटाचा जोडीदार असणारे १७ टक्केच होते.

आपल्याकडे हे अंतर किती आहे? २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात अस्पृश्यता पाळली जाते, असे या ना त्या रूपात कबूल केले. महाराष्ट्रात कबूल करणारे खूपच कमी निघाले. हे पाहून कुणी पाठ थोपटून घेईल. आम्ही याचा अर्थ असा लावतो की फुले-शाहू-आंबेडकरी चळवळीने निदान 'मी जात पाळतो' असे म्हणायची लाज महाराष्ट्राला वाटायला लावली. ही लहान गोष्ट नाही. पण लाज वाटणे म्हणजे जात सोडणे नव्हे. जात सोडल्याची खरी परीक्षा बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितली आहे : रोटी पुरेशी नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे. आणि याच सर्वेक्षणाच्या आधारे झालेल्या अभ्यासात देशातले आंतरजातीय विवाह सहा टक्क्यांच्याही आत निघाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार दशकांत त्यांत वाढीचा कल दिसला नाही. चार दशके म्हणजे जवळपास दोन पिढ्या. किती जुनी खोडे या काळात गेली असतील!

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. नवरा-बायको स्वतः किती शिकले यापेक्षा नवऱ्याच्या आईचे शिक्षण आंतरजातीय विवाहासाठी महत्त्वाचे ठरले. मुलाची पदवी जे करू शकली नाही ते सासूच्या शाळेने केले. सावित्रीमाईंनी १८४८ साली मुलींना शिकवायला का घेतले असेल, याचे हे एक उशिरा आलेले उत्तर आहे.

आमचा स्वतःचा अनुभवही याहून वेगळा नाही. आमच्यातल्या एकीच्या आजीला गावच्या हॉटेलात चहा प्यायला वेगळी कपबशी होती, पिऊन झाल्यावर स्वतः धुऊन ठेवायची. ती कपबशी गेली. पण तालुक्याच्या गावी अभ्यासिकेसाठी खोली शोधताना आमच्याच वयाच्या घरमालकाने फोनवर विचारले, "पूर्ण नाव काय?" आडनाव सांगितल्यावर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "घरच्यांना विचारून सांगतो." तो फोन अजून आलेला नाही. तो मुलगा सर्वेक्षणात 'जात मानत नाही' असेच उत्तर देईल, याची आम्हाला खात्री आहे.

आता आपल्याच घराकडे वळू, कारण दुसऱ्याला आरसा दाखवणे सोपे असते. आपले वधू-वर मेळावे पाहा. परिचयपत्रावर 'बौद्ध' लिहिलेले असते आणि अपेक्षांच्या रकान्यात कंसात पूर्वाश्रमीची जात असते. मातंग किंवा चर्मकार समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबात मुलगी देताना आपल्यातले किती घरे विचार न करता हो म्हणतात? १९५६ च्या अंगठाबहाद्दर पिढीने एका दिवसात तेहतीस कोटी देव सोडले. पदवीधर झालेल्या आपल्या पिढीला एक कंस सोडवत नाही. उद्या आपली नातवंडे आपल्यालाच 'जुनी खोडं' म्हणतील, आणि ते चूक ठरणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. काळाला पाय नसतात, त्याला माणसे ओढून नेतात. १९२७, १९५६ आणि १९७८ ते १९९४ या काळात आपल्या माणसांनी तो ओढला, म्हणून आपण इथे आहोत. आपला वाटा आपण उचलला पाहिजे. आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्याला पहिल्या रात्री आसरा कोण देईल, याची यादी प्रत्येक विहारात असली पाहिजे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा प्रत्येक अभ्यासिकेत समजावून सांगितला पाहिजे. घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल तर देव सोडले त्या दिवशी काय झाले, कोण रडले, कोण भांडले, हे आजच विचारून लिहून ठेवले पाहिजे. आणि पुढच्या मेळाव्यात परिचयपत्र भरताना तो कंस रिकामा ठेवला पाहिजे.

आमच्या अभ्यासिकेतल्या दोघांनी यंदा तो रिकामा ठेवला. त्यांच्या घरी सध्या वाद चालू आहे. चालू द्या.

जयभीम!