शब्दवेध : पेरेग्रिनासिओन

स्पॅनिशमध्ये ‘पेरेग्रिनासिओन’ म्हणजे तीर्थयात्रा. मूळ लॅटिन ‘पेरेग्रिनुस’. त्यात ‘पेर’ म्हणजे ‘मधून’ आणि ‘आगेर’ म्हणजे शेत, शिवार. संस्कृतातला ‘अज्र’ हा या ‘आगेर’चाच सगोत्र. शिवारं ओलांडून आलेला तो पेरेग्रिनुस, अर्थात परका. रोमच्या कायद्यात नागरिकत्व नसलेल्या स्वतंत्र माणसालाही हाच शब्द होता. यात्रेकरू हा अर्थ पुढे ख्रिस्ती काळात रुळला. इंग्रजी ‘पिल्ग्रिम’ त्याचाच वंशज.

शेत, परका आणि यात्रेकरू हे तिन्ही अर्थ कॅलिफोर्नियात 1966 साली एकाच रस्त्यावर चालले. डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी आदल्या सप्टेंबरात संप पुकारला होता. मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. 17 मार्चला, लेंट या उपासाच्या काळात, सेझार चावेझ यांच्या नेतृत्वाखाली ते राजधानी सॅक्रामेंटोकडे पायी निघाले. हातात ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेक्सिकोत पुजल्या जाणाऱ्या मेरीचा ध्वज होता. 1810 मध्ये मेक्सिकोत फादर इदाल्गो यांनी स्पेनविरुद्धच्या उठावात तिचंच चित्र निशाण म्हणून उचललं होतं. मोर्चाचं घोषवाक्य ‘तीर्थयात्रा, प्रायश्चित्त, क्रांती’ असं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: श्रद्धा इथे राजकारणाची सजावट नव्हती, तीच त्याची चाल होती.

10 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, ते पोहोचले. त्याआधीच शेन्ली या द्राक्षमळेवाल्या कंपनीने मजुरांच्या युनियनला मान्यता दिली होती. डेलानोच्या बाकीच्या बड्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या, त्या मात्र 1970 च्या जुलैत.