शाळेतील तसबीर आणि तिचा व्यवसाय

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही शिकल्यासवरल्या कुटुंबाची जुनी ट्रंक उघडली, तर प्रमाणपत्रे, लग्नपत्रिका व जमिनीचे कागद ह्यांच्या तळाशी जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली एक पिवळसर तसबीर बहुधा सापडते. मध्ये खुर्च्यांवर गुरुजन, त्यांच्या पायांशी मांडी घालून बसलेली लहान मुले, मागे उभी असलेली मोठी मुले, आणि इयत्ता व साल लिहून पुढे ठेवलेली पाटी. तिच्याकडे आपण आठवणीची वस्तू म्हणून पाहतो. ती एका धंद्याचे फळ आहे, हे आपल्या मनात येत नाही. गेल्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. जिंतूर तालुक्यातील शाळांतून मुलांचे फोटो काढण्याचा व्यवसाय त्यास सुरू करावयाचा होता, व त्याविषयी त्यास आमचा सल्ला हवा होता. आम्ही पडलो इतिहासाचे अध्यापक. कॅमेऱ्याचे ज्ञान आम्हांस बेताचेच. तेव्हा जे आमच्याजवळ होते तेच त्यास दिले, म्हणजे ह्या व्यवसायाचा इतिहास. तोच येथे वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो.

१८३९ मध्ये दागेर ह्या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची रीत पॅरिस येथे जाहीर झाली, तेव्हा एका पत्र्यावर एकच चित्र उमटे व त्याची दुसरी प्रत निघत नसे. अशा चित्राने श्रीमंतांची हौस भागे. शाळेच्या वर्गाचा त्यास काही उपयोग नव्हता. १८५१ मध्ये आर्चर ह्या इंग्रजाने काचेवर उलटे चित्र घेण्याची नवी रीत प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. मग एका काचेवरून हव्या तितक्या कागदी प्रती निघू लागल्या. १८५४ मध्ये दिस्देरी ह्याने एकाच काचेवर आठ लहान चित्रे घेण्याचे पेटंट मिळविले, व तसबीर सामान्य माणसाच्या आटोक्यात आली. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तीत होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ह्या कलेचा वर्ग निघाला, आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईतील नामांकित फोटोग्राफर झाले. विद्यालय आणि कॅमेरा ह्यांचा संबंध आपल्याकडे असा प्रारंभापासूनचा आहे.

तथापि विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर स्वतंत्र धंदा उभारण्याची युक्ती अमेरिकेत निघाली. १८६० नंतरच्या दहा वर्षांत बोस्टनकडील जॉर्ज वॉरन हा फोटोग्राफर हार्वर्ड, येल इत्यादी कॉलेजांतील पदवीच्या वर्गांचे फोटो काढू लागला. विद्यार्थी आपली तसबीर मित्रांस देत, मित्रांची घेत, आणि त्या सर्वांचे पुस्तक बांधीत. म्हणजे एका चेहऱ्याचे गिऱ्हाईक एकटा तो विद्यार्थी नव्हता, त्याचा सारा वर्ग होता. दर प्रतीमागे नफा थोडा, पण प्रती पुष्कळ, हे ह्या व्यवसायाचे मूळ गणित येथे प्रथम स्पष्ट दिसते.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानास फोटोग्राफर लाभला तो मोठ्या योग्यतेचा. लाला दीनदयाळ हे १८४४ साली मीरतजवळच्या सरधना येथे जन्मले, रुडकीच्या कॉलेजात अभियांत्रिकी शिकले व इंदूर येथे नोकरीस राहिले. पुढे सहाव्या निजामांनी त्यांस दरबारी फोटोग्राफर नेमले. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादेस आणि १८९६ मध्ये मुंबईस स्टुडिओ काढला. १८९२ मध्ये हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांकरिता निराळा स्टुडिओ उघडून तो त्यांनी केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती दिला. त्यांच्या संग्रहातील २,८५७ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. ह्या चरित्रातून नव्या व्यावसायिकाने दोन गोष्टी घ्याव्यात. गिऱ्हाइकाचा संकोच पाहून आपली व्यवस्था बदलावी, आणि एकदा काढलेले चित्र जपून ठेवावे.

संकोच दूर न झाल्यास काय होते, ह्याचे उदाहरण दादासाहेब फाळके ह्यांच्या चरित्रात आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते फोटोग्राफर होते. गोध्रा येथे प्लेगमध्ये पत्नी व अपत्य गमावल्यावर त्यांनी बडोद्यास फोटोचा धंदा मांडला. पण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व आयुष्य घटवितो, अशी समजूत गावात पसरली आणि तो धंदा बसला. फाळक्यांच्या हातात कला नव्हती असे कोण म्हणेल? उणे होते ते लोकांच्या विश्वासाचे. म्हणून शाळेत शिरताना प्रथम मुख्याध्यापकांचा व पालकांचा विश्वास, आणि मग कॅमेरा, हाच क्रम योग्य होय.

खेड्यातील शाळेपर्यंत कॅमेरा पोहोचला तो दोन कारणांनी. आर्चरची काच ओली असतानाच वापरावी व धुवावी लागे, त्यामुळे अंधाऱ्या खोलीचा संसार बरोबर न्यावा लागे. १८७१ मध्ये मॅडॉक्स ह्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखविली. ती काच पेटीत घालून दूर न्यावी व परत येऊन धुवावी. दुसरे कारण आगगाडी. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे पूर्ण होऊन परभणी, सेलू, पूर्णा ही गावे एकीकडे हैदराबादेशी व दुसरीकडे मनमाडशी जोडली गेली. काचा, कागद व रसायने ह्यांची वाट त्यामुळे सोपी झाली.

आता ज्या उदाहरणासाठी आम्ही एवढे सांगितले ते पाहू. १९३६ मध्ये, मंदीचा काळ पुरता ओसरला नसताना, रॉथगेब व रायनेकर ह्या दोघांनी अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे ‘नॅशनल स्कूल स्टुडिओज’ नावाची पेढी काढली. शहरातील स्टुडिओत मुले येण्याची वाट न पाहता त्यांनी खेड्यांतील शाळांची वाट धरली. ह्याच पेढीची पुढे लाइफटच नावाची प्रचंड कंपनी झाली. ह्या धंद्यात तिकडे अशीही वहिवाट पडली की, आधी सर्व मुलांचे फोटो काढावे, प्रती घरी पाठवाव्या, आणि मग आईबापांनी हव्या त्या ठेवून पैसे द्यावे.

आधी फोटो, मग पैसे, ह्या क्रमाचे मोल आम्हांस फार उशिरा कळले. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी ह्याच जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही सातवीत होतो. तालुक्याहून फोटोग्राफर आला, तिपाई उभी राहिली, आणि ज्यांनी प्रतीचे पैसे आणले नसतील त्यांनी बाजूस व्हावे, असे फर्मान निघाले. तरटाच्या पट्टीवर आमच्या शेजारी बसणारा मुलगा मुकाट्याने लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. पुढच्या वर्षी तो आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला व शाळेत पुन्हा आला नाही. आमची तसबीर अजून शाबूत आहे; त्याचा चेहरा मात्र आता प्रयत्न करूनही नीटसा आठवत नाही. शेवटच्या रांगेत आणखी एक मूल उभे केल्याने फोटोग्राफरास एक पैचाही जादा खर्च नव्हता. उलट सुगी आल्यावर त्याच्या बापाने कदाचित ती प्रत घेतलीही असती. जो अन्याय झाला तो धंद्याच्या दृष्टीनेही चूकच होता.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही म्हटले, “बाबा रे, आरंभ एका शाळेपासून कर. हजेरीपटावरून यादी घे आणि प्रत्येक चित्राचा क्रमांक नावासमोर लिही. एका मुलास अर्धा मिनिट धरले, तरी ४०० मुलांस २०० मिनिटे लागतात. तेवढ्यात शाळेचा दिवस सरत येतो. सकाळी व्हरांड्याच्या सावलीत खुर्ची मांड, म्हणजे मुलांचे डोळे मिचकणार नाहीत. पालकांची लेखी संमती घे. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्याचा रोखही तोच आहे. आणि पैसे आणले नाहीत म्हणून कोणास रांगेतून काढू नकोस.”

परवा तो पुन्हा आला. पहिल्या वर्षी तीन शाळा मिळाल्या, आणि खर्च वजा जाता थोडे उरले, असे म्हणाला. एका वर्गात दोन मुले गैरहजर होती, म्हणून त्या शाळेत तो दुसऱ्यांदा गेला होता. त्या वर्गाची एक प्रत व नावांची यादी त्याने आमच्या टेबलावर ठेवली. तो गेल्यावर आम्ही चष्मा लावून चेहरे मोजले. यादीत ४३ नावे होती आणि चित्रात ४३ मुले.